दहा वाजता, डावी कूस

सिस्टर, तुम्ही गेलात त्या दिवशी बारा वाजता मी तुम्हाला उजव्या कुशीवर वळवलं. दोन वाजता डाव्या, चार वाजता उजव्या, सहा वाजता पुन्हा डाव्या. असं चार्टवर लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे, प्रत्येक रकान्यात माझी सही आहे. आणि तुम्ही तर पावणेबाराच्या आतच गेला होतात.

तो कागद आता माझ्याजवळ नाही. तो कुठे गेला ते मला तुम्हाला सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय तिथपर्यंत पोचता येणार नाही. आज माझी सुट्टी आहे. भांडी घासून झाली, घरात कुणी नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेऊन बसले आहे. तुमच्यासमोर मला कधी सलग दोन वाक्यं बोलता आली नाहीत. तुम्ही म्हणायचात, "तोंडाला टाके घातलेत काय गो तुझ्या?" टाके नव्हते. आधी भीती होती. शेवटच्या दोन महिन्यांत भीती गेली आणि लाज आली, आणि लाजेने तर माणूस भीतीपेक्षा जास्त गप्प होतं.

मी नंदाखालच्या त्या वृद्धाश्रमात कामाला लागले तेव्हा तुम्हाला तिथे येऊन वर्ष झालं होतं. मला सांगून ठेवलं होतं की खिडकीजवळच्या खाटेवर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर आहेत, झटक्याने डावी बाजू लुळी पडली आहे, पण जीभ शाबूत आहे, जपून राहा. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला कुशीवर करायला हात घातला आणि तुम्ही ओरडलात, "अगो, नारळाचं पोतं उचलतेस काय?" मी हात काढून घेतला आणि तशीच उभी राहिले. मग तुम्हीच शिकवलंत. गुडघा आधी मोडायचा. एक हात खांद्याला, एक कमरेला. ओढायचं नाही, आपल्याकडे लोळवून घ्यायचं. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच गादीला टेकू द्यायची नाही. "आणि आधी सांगायचं, आता वळवते म्हणून. न सांगता वळवलंस तर मेलेलं माणूससुद्धा दचकेल."

दर दोन तासांनी तुम्ही घड्याळाकडे बघायचात आणि हाक मारायचात, "रंजना, भाकरी उलट! करपतेय." मी स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू यायचं. पायांकडच्या खाटेवर रोझीबाई असायच्या. त्या काही बोलत नाहीत, नुसती माळ जपतात. पण तुम्ही भाकरी म्हणालात की त्यांचे ओठ हलायचे थांबायचे. त्या हसायच्या, असं मला वाटतं. मला तुमची हाक आवडायची. मला त्या घरात नावाने हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, बाकी सगळ्यांसाठी मी 'मावशी'.

तुमच्या उजव्या हाताला भिंत होती, डाव्या हाताला खिडकी. खोलीत एक खाट जास्त बसावी म्हणून आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी तुमची खाट भिंतीला चिकटवली होती. यावरून तुम्ही कितीदा त्यांच्याशी भांडलात. "खाटेच्या दोन्ही बाजूंनी माणूस फिरलं पाहिजे. ही खाट आहे की कपाट?" खाट तिथेच राहिली. पण खिडकीबाहेर शेजाऱ्यांची केळीची वाडी होती, म्हणून डावी कूस तुम्हाला आवडायची. उजव्या कुशीवर केलं की म्हणायचात, "चला, आता दोन तास चुन्याचा सिनेमा." आणि डाव्या कुशीवर आलात की सांडोरच्या तुमच्या वाडीच्या गोष्टी सुरू. पाणी कुठल्या पाटाने यायचं, कुठली केळी वाळवून सुकेळी करायची, तुमच्या भावाने कुठलं झाड उगीच तोडलं. मी पाय चोळत ऐकायची. मला त्या वाडीचा रस्ता तोंडपाठ झाला होता.

मॅडमवर मला राग काढायचा नाही. एकदा मी तुमचे केस विंचरत होते, तेव्हा त्या खाटेच्या टोकाला येऊन बसल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "एक बाई कमी केलीस ती कुणाला विचारून?"

"सिस्टर, तिघांच्या घरचे फोन उचलत नाहीत. त्या तिघांना काय बाहेर रस्त्यावर ठेवू?"

"नको ठेवू. पण अकरा माणसं आणि दिवसाला दोन बायका. माझी पाठ फुटणार बघ."

"पगार कुठून देऊ, ते सांगा."

"एका रविवारी सगळ्यांच्या घरच्यांना बोलव. खरं सांग, एवढ्यात होत नाही म्हणून. फी वाढवा, नाहीतर आठवड्यातून एकदा येऊन आपल्या माणसाला तुम्ही आंघोळ घाला."

"असं सांगितलं तर सोमवारी सगळे आपापलं माणूस उचलून विरारला नेतील. तिथे नवीन झालंय, खाली मार्बल आहे."

"मार्बलवर झोपवतात काय?"

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वॉर्ड चालवलात सिस्टर, पण पगार सरकार देत होतं. माझं सरकार कोण?"

तुम्हाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर मला म्हणालात, "पोरगी खोटं नाही बोलत. पण खरं बोलायला घाबरते." तेव्हा मला वाटलं तुम्ही फक्त मॅडमबद्दल बोलताय.

त्यानंतर आठवड्याने मॅडम छापलेले कागद घेऊन आल्या. प्रत्येक खाटेला एक. दिवसाचे तास, कूस, सही. घरचे फी भरायला आले की त्यांना हातात काहीतरी दिसायला हवं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. तुम्हालाही ते पटलं. "चार्ट पाहिजेच. वॉर्ड चार्टवर चालतो." मॅडमनी मला आणि दुसऱ्या बाईला एकेक ओळ लिहून दाखवायला सांगितली. मी लिहिली. मॅडम म्हणाल्या, "रंजना, तुझं अक्षर बरं आहे. सगळे चार्ट तू भर."

सिस्टर, हे सांगताना मला अजून कसंतरी होतं, पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता. आमच्या गावात चौथीपर्यंत शाळा होती. पाचवीला खाडी ओलांडून जावं लागायचं, त्यामुळे माझं तिथेच थांबलं. त्यानंतर मी कधी कुठे काही लिहिलं नव्हतं, सह्या सोडून. आणि आता अकरा माणसांचं मी लिहिणार होते. घरी येऊन मी लेकीच्या वहीत उ आणि डा आणि पा गिरवले. उ म्हणजे उजवी, डा म्हणजे डावी, पा म्हणजे पाठ. तुम्ही मला घड्याळातल्या वेळा नीट लिहायला शिकवलंत, पावणे आणि सव्वा. आणि एकच नियम सांगितलात. "आधी हात, मग पेन. माणूस वळवून झालं की मगच लिहायचं. कितीही घाई असली तरी उलटं करायचं नाही."

पहिला महिना मी तसंच केलं. खरंच केलं.

पहिल्यांदा खोटं लिहिलं तो दिवस मला आठवतो. रोझीबाईंना उलटी झाली होती, चादरी, गादी, फरशी सगळं करता करता दोनची वेळ निघून गेली. चार वाजता मी चार्ट घेतला आणि दोनच्या रकान्यात डा लिहिलं. रकाना भरलेला छान दिसला. इतर दिवसांसारखाच.

मग ते रोज एखाद्या खाटेचं व्हायला लागलं. मग दोन खाटांचं. अकरा जणांची जेवणं, सहा जणांना भरवायचं, कपडे, पोछा, आणि घरच्यांचे फोन आले की फोन धरायचा. मग कधीतरी मी ठरवलं की संध्याकाळी लिहायला वेळ मिळत नाही, तर सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांचं भरून टाकावं. सकाळी आठला कामावर आले की पहिली फेरी करायची, मग चहा घेत घेत सहा वाजेपर्यंतचे सगळे रकाने भरायचे. दोन पेनं ठेवली होती, एक निळं, एक काळं. दोन रकाने निळ्याने, दोन काळ्याने, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं वाटावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे माझ्याच डोक्यातून निघालं. मॅडमनी फक्त 'चार्ट रिकामा ठेवू नको' एवढंच म्हटलं होतं.

तुम्ही हाक मारायचात, भाकरी उलट. मी ओरडायची, "आले!" कधी यायची, कधी नाही.

तुमच्या माकडहाडावर आधी लाल झालं. मग कातडी गेली. ड्रेसिंग करताना तुम्ही म्हणालात, "आरसा धर, मला बघू दे." मी हातातला आरसा मागे धरला आणि कपाटाच्या आरशात तुम्ही तुमचीच जखम बघितलीत, दुसऱ्या कुणाची असावी तशी. बराच वेळ बघितलीत. "हं. बेडसोर. अजून वरवर आहे. आता मला पाठीवर घ्यायचं नाही. उजवी, डावी, उजवी, डावी, बस. मॅडमला सांग, पाठ बंद." आणि मग म्हणालात, "माझ्या वॉर्डात कुणाला असं झालं असतं ना, तर मी त्या पोरीला रडवलं असतं." मला वाटलं म्हणावं, मग मला रडवा की. मी पट्टी चिकटवली.

त्याच्या दोन दिवसांनी तुम्ही म्हणालात, "माझा चार्ट आण बघू." तुम्ही तोवर कधी मागितला नव्हता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी आणला. तुम्ही चष्मा लावलात. कागद उजव्या हातात लांब धरलात. मी उशी सारखी करत उभी राहिले, उशी सारखीच होती.

"दहाला काय लिहिलंयस?"

"पा."

"पाठ बंद केली ना आपण?"

सवयीने हात चालला होता, डा, पा, उ, डा, पा, उ, सगळ्यांचं लिहायची तसं. आणि त्याखाली बाराचा, दोनचा, चारचा रकाना पण भरलेला होता. घड्याळ तुमच्या समोर होतं. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत की नाही, मला कळलं नाही, कारण मी वर बघितलंच नाही.

तुम्ही चष्मा काढलात. कागद माझ्या हातात दिलात. आणि म्हणालात, "अक्षर मात्र सुधारलंय गो तुझं."

तेवढंच. रागावला असतात तर मी पाया पडले असते. मॅडमना हाक मारली असतीत तर मला काढून टाकलं असतं, तेही चाललं असतं. पण तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. आणि सिस्टर, त्या दिवसापासून तुम्ही भाकरी म्हणायचं बंद केलंत. दोन वाजायचे, चार वाजायचे, खोली गप्प. हाक यायची ती रोझीबाईंसाठी. "रंजना, रोझीला आधी घे. तिचं हाड वर आलंय, माझ्या अंगात अजून मांस आहे." मी रोझीबाईंना वळवायची आणि तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं. रोझीबाईंची पाठ आजही धड आहे. ती तुमच्यामुळे आहे. तुमची फुटली.

मी काय केलं माहीत आहे? मी तुमच्या चार्टवर पा लिहायचं बंद केलं. उजवी, डावी, उजवी, डावी. चूक मी कागदावर दुरुस्त केली.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला ताप येत होता. त्या दिवशी सकाळी आठला मी तुम्हाला अंग पुसून उजव्या कुशीवर केलं. पाठीला उशी दिली. "आता वळवते हं," असं सांगितलं होतं मी, तेवढं तरी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "सिनेमा सुरू." मला बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांनी तुम्ही मला काहीतरी हसण्यासारखं बोललात. मग मी जाऊन चहा घेतला आणि चार्ट भरला. आठ, उ. दहा, डा. बारा, उ. दोन, चार, सहा.

दहा वाजता मी आले नाही. त्या दिवशी दुसरी बाई आलीच नव्हती. दहा वाजता मी कुणाला तरी संडासातून उचलत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. मला दोनदा दारातून तुमचे पांढरे केस दिसले, भिंतीकडे वळलेले. झोपल्या असतील असं म्हटलं मी मनात. पावणेबाराला पेज घेऊन आले. "सिस्टर, आता वळवते हं," म्हटलं. खांद्याला हात लावला आणि मला कळलं.

डॉक्टर आले, म्हणाले अर्धा-पाऊण तास झाला असावा, वय होतं, ताप होता. मॅडम चार्ट आणायला गेल्या आणि तशाच परत आल्या, कागद पोटाशी उलटा धरून. मला स्वयंपाकघरात नेलं. त्यांचे डोळे लाल होते. "रंजना, हे काय आहे? माणूस गेलं आणि तू तिला सहा वाजेपर्यंत वळवतेस?" मी ओट्याकडे बघत होते. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरा कागद घे. दहापर्यंतच लिही. हा जाळून टाक."

तुम्ही आत होतात. तुमची हनुवटी अजून बांधायची होती. आणि मी ओट्यावर कागद ठेवून सुवाच्य अक्षरात लिहीत होते. आठ, उजवी. दहा, डावी. दहासाठी मी काळं पेन घेतलं.

जुना कागद मी जाळला नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवला.

सांडोरहून वैशालीताई आल्या, तुमच्या भावाची मुलगी. त्या तुमच्याजवळ बसून रडल्या. मग त्यांना चार्ट दिसला. मॅडमनी तो टेबलावरच ठेवला होता. त्यांनी वाचला आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, "दहाला डावी. म्हणजे आत्या खिडकीकडे तोंड करून होती ना? केळी बघत बघत गेली."

मी मान हलवली. सिस्टर, मी होकाराची मान हलवली. तोवर माझं खोटं सगळं कागदावर होतं. हे पहिलं खोटं मी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले, आणि तेही तोंड न उघडता.

त्या म्हणाल्या, "हा कागद मी ठेवू? आत्या जन्मभर दुसऱ्यांचे चार्ट लिहीत राहिली. तिचा शेवटचा माझ्याकडे राहू दे." मॅडमनी दिला.

तेराव्याला मला जेवायला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. पण आधीच्या बारा दिवसांत मला खिडकीकडे बघता येत नव्हतं, आणि भिंतीकडेही. बसने वसईला गेले, तिथून पुढे चालत. तुम्ही सांगितलेला रस्ता मला पाठ होता. विहीर, मग पाट, मग डावीकडे वाडी. सगळं तुम्ही म्हणालात तिथेच होतं. फक्त भावाने तोडलेल्या झाडाचं खोड मला सापडलं नाही.

ओटीवर तुमचा फोटो होता, पांढऱ्या टोपीतला, तरुणपणीचा. आणि फोटोशेजारी हार सरकवून तो कागद टेकवून ठेवलेला. माझ्या सुवाच्य अक्षरातला. वैशालीताईंनी मला हाताला धरून सगळ्यांसमोर नेलं. "ह्या रंजनाताई. शेवटपर्यंत दोन-दोन तासांनी आत्याला वळवत होत्या. बघा ना, लिहून ठेवलंय." कुणीतरी म्हणालं, "हल्ली पोटची मुलं करत नाहीत एवढं." एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातावरून हात फिरवला. पानात वाढलं होतं. मी भात नुसता चिवडत बसले.

जेवणं झाल्यावर वैशालीताई मागच्या दारी भांडी विसळत होत्या. मी जाऊन शेजारी बसले, दोन पातेली घासली. मग हात पुसून पिशवीतला कागद काढला आणि त्यांना दिला.

त्यांनी तो वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा. "हा काय? सहा वाजेपर्यंत? सहा वाजता तर आम्ही स्मशानातून आलो."

"आधीचा कागद हा आहे," मी म्हटलं. "मी सकाळीच सगळं लिहून ठेवायची. वळवायची नाही. म्हणजे, रोज नाही वळवायची."

"मग दहाला?"

"नाही वळवलं."

"मग ती कुठे तोंड करून होती?"

"भिंतीकडे. आठपासून."

नळ चालू होता, कुणी बंद केला नाही. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगितलंत? आज बारा दिवसांनी मला घास गेला होता, रंजनाताई. केळी बघत गेली म्हणून गेला होता."

त्यांचं समाधान काढून घ्यायचा मला काय हक्क होता? ते ठेवायचा तरी काय हक्क होता? मी फक्त एवढंच म्हटलं की त्या फोटोतल्या बाईंच्या शेजारी तो कागद मला बघवत नाही.

मग त्यांनी विचारलं, "आत्याला कळलं होतं?"

"हो. चार्ट मागून बघितला होता."

"काय म्हणाली?"

"अक्षर सुधारलंय म्हणाल्या."

वैशालीताईंच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच त्या रडायला लागल्या, ओल्या हातांनी तोंड झाकून. "तिचंच बोलणं," म्हणाल्या. "मी दहावीला कॉपी करताना सापडले तेव्हा मला अस्संच म्हणाली होती. अक्षर छान आहे, कुणाचं आहे?" मी हात पुढे केला, पण त्यांच्या खांद्याला लावायचं धाडस झालं नाही. त्या उठल्या, आत गेल्या. दारातून मला दिसलं, त्यांनी फोटोशेजारचा कागद काढला, दोन्ही कागद एकात एक घडी केले आणि फोटोच्या मागे ठेवले. परत आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निघा आता. बस चुकेल तुमची."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही. ज्यांच्याकडे मागायची त्या तुम्ही.

सिस्टर, तुमच्या मनात काय होतं ते मला आता कधी कळणार नाही. तुम्ही मला वाचवायला गप्प राहिलात, की माझ्यावर पाणी सोडलंत? हाक बंद केलीत ती मला शिक्षा म्हणून, की मी धावत येऊन 'आले' म्हणून खोटं बोलू नये म्हणून? मला वळवायला शिकवणाऱ्या तुम्ही, आणि तुम्हालाच मी साडेतीन तास चुन्याकडे तोंड करून ठेवलं. तुमचा चालता हात उजवा होता, तो भिंतीला लागलेला होता. बोटांना पांढरं लागलं होतं. मी ते पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. हे फक्त इथे लिहिते.

काल मी तेराव्यानंतर पहिल्यांदा कामावर गेले. तुमच्या खाटेवर अजून कुणी नाही. मी एकटीने ती खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मॅडमनी दारातून बघितलं, काही म्हणाल्या नाहीत.

आठची फेरी झाली, मग लिहिलं. दहाला रोझीबाईंना सांगून वळवलं, मग लिहिलं. एकेक खाट, हात पुसून, मग पेन. बाराला जेवणं आली, अजून दोघांना भरवायचं राहिलं होतं, एक आजोबा ठसकले, त्यांची पाठ चोळत बसावं लागलं. संध्याकाळी मॅडमनी सगळे चार्ट चाळले. रोझीबाईंच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"बाराचा रकाना रिकामा का?"

"वळवलं नाही, मॅडम," मी म्हटलं. "माणूस कमी पडलं."

इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या कागदाकडे बघत राहिल्या. "रविवारी रोझीबाईंचा मुलगा येणार आहे. त्याला हे दिसेल."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पेन उचललं. मग ते टोपण लावून माझ्या हातात दिलं आणि निघून गेल्या. उद्या काय होईल माहीत नाही. काम राहील की जाईल, तेही माहीत नाही.

पण कालचा बाराचा रकाना रिकामा आहे, सिस्टर. तिथे माझे हात पोचले नव्हते.